आसन, आहार आणि कामाचे तास



योग आणि आरोग्य या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या योगशिक्षकांना किंवा डॉक्टरांना बोलावणे रीतीला धरून झाले असते. मी या दोहोंपैकी कोणीही नाही. सोळा वर्षे मी बसगाडीवर कंडक्टर होतो. त्यानंतर मोटार कामगारांच्या संघटनेचे काम पूर्ण वेळ पत्करले. शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते नगर वाचनालयात आणि मुक्कामाच्या गाडीत, डोक्यावरच्या मिणमिणत्या दिव्याखाली. तेव्हा अधिकारवाणीची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. परंतु ज्या विकारांविषयी आज बोलायचे आहे ते माझ्या घरी वस्तीला आलेले आहेत, आणि माझ्या सोबत्यांच्या घरी तर त्यांनी उच्छाद मांडला आहे. म्हणून हा अभ्यास मला हौसेने नव्हे, गरजेने करावा लागला.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. योगासने हा पोट भरलेल्या लोकांचा सकाळचा उद्योग आहे, असे माझे पुष्कळ वर्षे ठाम मत होते. ज्याला पहाटे पावणेचारला उठून साडेपाचची गाडी काढायची आहे, त्याला चटईवर पडून श्वास मोजायला सांगणे ही मला थट्टा वाटे. यांतला अर्धा भाग चुकीचा होता, हे मला पुढे कळले. उरलेला अर्धा मात्र आजही मला खरा वाटतो. या दोन्ही अर्ध्यांचा हिशेब आपल्यापुढे मांडावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

शिबिरातला पहिला रुग्ण

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने सभासदांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर भरवले. लोक तपासणीला बिचकतात. म्हणून त्यांना धीर यावा या हेतूने रांगेत पहिला मी उभा राहिलो. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, “भाऊ, शिबिर तुम्ही भरवलेत, आणि पहिले गिऱ्हाईकही तुम्हीच.” उपाशीपोटी रक्तातील साखर १६८ होती, ती १२६ च्या वर गेली की मधुमेह मानतात. रक्तदाब १५० वर ९६. मला काही दुखत नव्हते, खुपत नव्हते. डॉक्टर म्हणाले, “हीच तर या रोगांची खोड आहे.”

त्याच रांगेत माझ्या मागे माझा जुना ड्रायव्हर उभा होता. आम्ही दोघांनी एकाच गाडीवर नऊ वर्षे काढली होती. त्याचा रक्तदाब माझ्यापेक्षाही बराच वर होता. दोघांनाही गोळ्या सुरू झाल्या. त्याने तर माझ्या एक पाऊल पुढे जाऊन बागेतल्या सकाळच्या योगवर्गाला नाव घातले. दोन महिन्यांत त्याचा चेहरा उजळला, झोप लागू लागली, पाठदुखी थांबली. श्रावणात एके दिवशी संघटनेच्या कचेरीत येऊन मला म्हणाला, “आता मला झकास वाटतंय रे. आता गोळी कशाला?” मी कसलेसे पत्रक लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, “बरे वाटते ना? मग झाले.”

मार्गशीर्षात त्याला पक्षाघात झाला. सुदैवाने त्या दिवशी त्याची सुट्टी होती. स्टिअरिंगवर असता तर गाडीतल्या पन्नास माणसांचे काय झाले असते, हा विचार आजही मला रात्री जागा करतो. त्याचा डावा हात गेला तो गेलाच, आणि हाताबरोबर नोकरीही. डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले: “दाब खाली आला होता तो मुख्यतः गोळीने. योगाने त्याला बरे वाटत होते, हे खरेच. पण गोळी थांबल्यावर दाब पुन्हा वर चढला, आणि चढलेला दाब कळवायला येत नाही.” त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. योगाने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे कळून घेणे मला माझ्या मित्राचे देणे वाटत होते.

लंडनच्या बसगाड्यांची साक्ष

वाचता वाचता माझ्या हाती जी पहिली महत्त्वाची गोष्ट लागली ती आमच्याच धंद्यातली निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि कारण उमगत नव्हते. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक खात्यातील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० कामगारांची माहिती गोळा केली. तेथील गाड्या मुंबईकरांच्या ओळखीच्या दुमजली बसगाड्यांसारख्या. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटे फाडीत सतत वरखाली, दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. गाव एक, खाते एक, हवा एक. असे असूनही कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळला. झाला तरी तो उशिरा झाला आणि कमी घातक ठरला. हा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. मॉरिस यांनी टपाल खातेही पाहिले, आणि तेथे पायी हिंडणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून यांच्यांत असाच फरक दिसला.

कंडक्टरच्या जातीतला मी, हे वाचून मला थोडा अभिमान वाटला. पण मॉरिस प्रामाणिक माणूस. त्यांनी पुढे १९५६ साली गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की ड्रायव्हरांच्या विजारीची कंबर कंडक्टरांपेक्षा मुळातच मोठी होती. म्हणजे काही फरक माणूस नोकरीत येतानाच घेऊन येत होता. शिवाय रहदारीतून गाडी हाकण्याचा ताण ड्रायव्हरच्या वाट्याला अधिक. तेव्हा सगळे श्रेय एकट्या जिन्याला देता येत नाही. परंतु त्यानंतरच्या सत्तर वर्षांत देशोदेशी झालेल्या अभ्यासांनी मूळ गोष्ट पक्की केली आहे: ज्याचे अंग हलते त्याचे हृदय अधिक काळ टिकते. मॉरिस स्वतः म्हातारपणीही व्यायाम सोडीत नसत. २००९ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय ९९ होते.

आपल्याकडील परिस्थिती काय आहे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पहिल्या आकड्याने छाती दडपते. पण मला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरवता येते.

शरीरात काय घडते

हे मागे फिरणे कसे घडते, ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, की त्याची साखर होऊन ती रक्तात येते. ही साखर म्हणजे थांब्यावर उभा असलेला प्रवासी. स्नायू ही गाडी. आणि इन्शुलिन हा गाडीचे दार उघडून प्रवाशाला आत घेणारा कंडक्टर. अंगमेहनत करणाऱ्याच्या स्नायूंत साखर जळत असते, त्यामुळे गाडीत जागा होत राहते. बैठ्या माणसाची गाडी मात्र आधीच भरलेली. त्यातून पोटावर, यकृतात, स्नायूंत चरबी साठली की दाराची कडीही नीट फिरत नाही. मग शरीर आणखी कंडक्टर पाठवते, म्हणजे अधिक इन्शुलिन सोडते. काही वर्षे असे निभते. पुढे इन्शुलिन बनवणारे स्वादुपिंड थकते, प्रवासी थांब्यावरच खोळंबतात, आणि रक्तातील ही वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांना हळूहळू पोखरत राहते.

आता गंमत अशी, की चालताना, जिना चढताना, वजन उचलताना स्नायू स्वतःच एक दुसरे दार उघडतात. त्या दाराला इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखर कमी चढते. आणि नेमाने व्यायाम केला की पहिल्या दाराची कडीही पुन्हा सैल होऊ लागते.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि शंभर किलोच्या माणसाने सात किलो कमी करावे या प्रमाणात वजन उतरवणे, एवढ्या खटाटोपाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले. ते अमेरिकेचे झाले, आपले काय, असे कोणी विचारील. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी असाच प्रयोग आपल्या लोकांवर केला आणि २००६ साली मांडला. ज्यांना विशेष काही करायला सांगितले नव्हते त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी रोज अर्धा तास चालणे ठेवले आणि साखर, मैदा, तेल-तूप कमी केले, त्यांच्यात तो ३९ टक्क्यांच्या आसपास थांबला. गोळी घेणाऱ्यांतही जवळजवळ तेवढाच. दोन्ही एकत्र केल्याने जास्तीचा लाभ दिसला नाही. उंबरठ्यावरच्या माणसाला चालण्याने जवळपास गोळीइतके संरक्षण दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण हेही लक्षात ठेवावे, की ही गोष्ट उंबरठ्यावरच्यांची आहे. माझ्यासारखा जो आत गेला, त्याने गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

योगाचे खरे माप

मग यात योग कोठे बसतो?

योगाला प्रयोगशाळेच्या तराजूत घालण्याचे काम पहिल्यांदा ज्यांनी नेटाने केले, ते आपल्या महाराष्ट्रातच. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या पोकळीत दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणे लावून आणि क्ष-किरणांखाली पाहिले. चमत्काराच्या गोष्टी सांगण्यापेक्षा मोजून दाखवावे, ही त्यांची वृत्ती. माझ्यासारख्या नास्तिक वळणाच्या माणसाला योगाकडे आणले ते या वृत्तीने.

मोजल्यावर काय दिसते? मोटारीला जसा अॅक्सिलरेटर आणि ब्रेक, तशा शरीराला दोन मज्जासंस्था आहेत. एक धोक्याच्या वेळी हृदयाची धावपळ वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, रक्तात साखर सोडते. दुसरी सारे शांत करते. आमच्या ड्रायव्हरचा पाय रहदारीत दिवसभर पहिल्या संस्थेवर असतो. उशीर झाला की प्रवासी ओरडतात, लवकर गेला की तपासनीस ओरडतो. सावकाश घेतलेला, लांब सोडलेला श्वास हा ब्रेकवर ठेवलेला पाय आहे. मिनिटाला सहा-सात श्वास, अशा गतीने रोज थोडा वेळ बसले तर रक्तदाब काही अंशांनी उतरतो. आसनांनी आखडलेली कंबर-मान मोकळी होते, पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो. शवासनाने झोपेची घडी बसायला मदत होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट मला अशी वाटते, की दिवसातून वीस मिनिटे जो माणूस स्वतःच्या शरीराकडे लक्ष देतो, त्याच्या हाताला तंबाखूची डबी आणि दुसऱ्यांदा वाढलेला भात जरा अवघड वाटू लागतो. योगाच्या जुन्या ग्रंथांनी आसनांबरोबरच मिताहाराचा आग्रह धरला आहे. आपण मात्र आसने उचलली आणि मिताहार तेथेच ठेवला.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सावकाश केलेली आसने हा हलका व्यायाम आहे; भरभर चालण्याची जागा तो घेऊ शकत नाही. सूर्यनमस्कार जरा वेगाने घातले तर दम लागतो आणि ती उणीव भरून निघते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांचा प्रसार केला तो उगीच नव्हे. दुसरे असे, की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर देशातील २४ रुग्णालयांत योगाचा एक मोठा प्रयोग झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योग शिकलेले रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामाधामाला अधिक चांगले लागले, त्यांचे जगणे सुधारले. परंतु पुन्हा झटका येणे, मृत्यू येणे यांत निर्विवाद म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत हेच घडले होते. योगाने त्याला खरोखर बरे वाटत होते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतले अंतर मात्र आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते.

म्हणून हात जोडून सांगतो: योग सुरू करा, पण गोळी बंद करायची की कमी करायची, हे पट्टा बांधून दाब मोजणाऱ्याने ठरवावे. ज्यांचा दाब चढलेला आहे किंवा ज्यांना काचबिंदू आहे, त्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. दाब असणाऱ्यांनी श्वास कोंडणे आणि जोरजोरात कपालभाती करणेही टाळावे.

दिवसाचे तास कोणाच्या हाती?

येथपर्यंतचे सारे आपण कोठे ना कोठे ऐकलेले असेल. आता माझ्या जुन्या मताचा जो अर्धा भाग मला आजही खरा वाटतो, तिकडे वळतो.

शिबिर झाल्यावर मी एका ड्रायव्हरचा दिवस कागदावर लिहून काढला. पावणेचारला उठणे. चहा. साडेपाचला गाडी. फेरीच्या शेवटी वेळापत्रकात दहा मिनिटे विसावा, पण गाडी उशिरा पोचली की तो विसावा रस्त्यातच खर्च झालेला. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी कागदावर साडेनऊला. प्रत्यक्षात उभ्याउभ्या वडापाव आणि चहा. दिवसाला आठ कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे: साठ-सत्तर ग्रॅम साखर नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास पंचवीसच्या आत ठेवा म्हणते. झोप उडावी म्हणून तंबाखूची चिमूट. शेवटच्या थांब्यावर लघवीची सोय नाही, म्हणून पाणी पिणे कमी. आमच्या कंडक्टर भगिनी तर सकाळपासून घोटभर पाणीही टाळीत. मग मुतखडे, मूत्रमार्गाचे विकार. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की रात्री जागणे आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपण्याचा प्रयत्न करणे.

या दिवसात योगाची वीस मिनिटे कोठे बसवायची, ते मला कोणी दाखवावे. अशा माणसाला ‘तुझ्या सवयी सुधार’ असे सांगणे अपुरे आहे, कारण यांतल्या निम्म्या सवयी त्याच्या नाहीतच. त्या वेळापत्रकाच्या आहेत. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योगदिन झाला, हे चांगलेच झाले. पण त्या दिवशी कामगारांना ओळीने बसवून छायाचित्र काढायचे आणि २२ जूनला त्याच कामगाराला बारा तास गाडीवर ठेवायचे, असा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला योगाचा प्रसार म्हणता येणार नाही.

विश्रांती ही आरोग्याची पहिली अट आहे, हे कामगार चळवळीने फार पूर्वी ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या धंद्यासाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात साधारणतः दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती, मुक्कामाच्या जागी विश्रांतिगृह, आणि शंभर कामगार असतील तेथे उपाहारगृह अशा तरतुदी होत्या. २०२० साली संसदेने तो कायदा इतर कायद्यांबरोबर एका संहितेत गुंफला. कायद्यांची नावे बदलतात. तो अर्धा तास प्रत्यक्षात मिळवण्याचे काम मात्र तसेच शिल्लक राहते. त्या वेळी हे कायदे घडवणाऱ्यांच्या मनात मधुमेहाचा विचार क्वचितच असेल. तरी आज मी त्या कलमांकडे पाहतो, तेव्हा मला ती औषधाच्या चिठ्ठीसारखी दिसतात.

म्हणून आम्ही पुढच्या मागणीपत्रकात पगाराच्या मागणीखाली चार मागण्या घातल्या. जेवणाचा अर्धा तास गाडी उशिरा आली तरी पूर्ण मिळावा. फेरीच्या दोन्ही टोकांना पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. उपाहारगृहात भाकरी, उसळ आणि कोशिंबीर मिळावी. पाळी वारंवार बदलू नये. शिवाय विश्रांतीच्या खोलीत दहा चटया टाकण्यापुरती मोकळी जागा ठेवावी, अशी एक पुरवणीही जोडली. सभेत एक तरणा सभासद उठून म्हणाला, “भाऊ, आपण पगारवाढ मागायची का चटया?” सभा हसली. तेव्हा माझा तो मित्र, डावा हात मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसलेला, एवढेच बोलला, “मला विचार.” पुढे कोणी हसले नाही.

दोन वर्षांच्या बोलण्यांनंतर जेवणाचा अर्धा तास, पाणी, स्वच्छतागृहे आणि चटयांची जागा एवढे पदरात पडले. उपाहारगृहात भाकरी-उसळ सुरू झाली; पहिले काही दिवस तिला कोणी हात लावीना, पण बाहेरच्या वडापावापेक्षा ती जास्त वेळ पोटाला आधार देते हे कळल्यावर दुपारी एकलाच संपू लागली. पाळ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. चटयांवर रोज दहा-बारा जण येतात. जे येत नाहीत त्यांना मी दोष देत नाही. पण ‘वेळ नाही’ असे म्हणण्याचा आधार आता थोडा ढासळला आहे, हेही त्यांना सांगतो. कारण मिळालेला अर्धा तास मोबाईल पाहण्यात आणि तंबाखू मळण्यात घालवला, तर त्याचे उत्तर आपणच द्यायचे असते. हक्क संघटनेने मिळवायचा. त्याचा उपयोग ज्याचा त्याने करायचा.

आपण काय करावे

आपणांपैकी बहुतेक जण दुकानात, कचेरीत, शाळेत किंवा घरात काम करणारे आहात. आपल्या खुर्चीत आणि ड्रायव्हरच्या आसनात आरोग्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. तेव्हा जाता जाता काही साध्या गोष्टी सांगतो.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. दाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक असा पुन्हा पुन्हा भरला तर ते ‘थोडेसे वाढले आहे’ म्हणून सोडून देऊ नये. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे चालावे. पूर्वी तज्ज्ञ म्हणत की हे चालणे निदान दहा-दहा मिनिटांचे सलग हवे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अट काढून टाकली. तुकड्यातुकड्यांनी चाललेलेही जमेस धरले जाते, ही कष्टकऱ्यांसाठी मोठीच सोय झाली. एक थांबा आधी उतरावे, जिना चढावा, जेवणानंतर गल्लीत फेरी मारावी. आठवड्यातून दोनदा सूर्यनमस्कार, बैठका किंवा वजन उचलणे, असे स्नायूंना जोर देणारे काहीतरी करावे. आपल्या गावाला तालमींची परंपरा आहे. त्या तालमी केवळ पोरांसाठी नाहीत.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, पुरे. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे. ताटात भात-भाकरीचा वाटा थोडा कमी आणि डाळ-उसळ, भाजी, कोशिंबीर यांचा वाटा अधिक, एवढे केले तरी पुष्कळ झाले. चहातली साखर एका चमच्यावर आणावी आणि मग अर्ध्यावर. जीभ पंधरा दिवसांत रुळते, हा माझा अनुभव आहे. तंबाखूला मात्र अर्धा-पाऊण असा हिशेब नाही; ती सोडलीच पाहिजे. रात्री सात तास झोप. आणि झोपण्यापूर्वी किंवा सकाळी वीस मिनिटे ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, शवासन आणि सावकाश श्वास. याला चटईभर जागा लागते, पैसा लागत नाही. पहिले काही दिवस जाणत्या शिक्षकासमोर करावे.

या गोष्टींबरोबर नागरिक म्हणूनही काही मागावे. चालायला पदपथ नसेल, बाग सकाळी कुलूपबंद असेल, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला खिशातच राहतो. आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, अशा दुकानदार, कारखानदार बंधूंना माझी विनंती आहे: आपल्या माणसाला जेवायला अर्धा तास आणि बसणाऱ्याला मधूनमधून उठायची मुभा द्या. घरी काम करणाऱ्या बाईंनाही आठवड्याची सुट्टी द्या. दाब आणि साखर त्यांनाही आहेच.

माझ्यापुरते सांगायचे, तर या वर्षांत माझे वजन नऊ किलोंनी उतरले. साखर आटोक्यात आहे. डॉक्टरांनी मोजून-मापून माझी एक गोळी कमी केली. दुसरी चालू आहे आणि बहुधा चालूच राहील. माझा मित्र रोज सकाळी संघटनेच्या कचेरीत येतो. भिंतीला टेकून तो श्वासाचा अभ्यास करतो, उजव्या हाताने डावा हात उचलून वर नेतो. तेवढे झाले की मी विचारतो, “गोळी घेतलीस?” तोही मला हेच विचारतो. श्रावणातल्या त्या दिवशी मी मान वर करून हा प्रश्न विचारला असता, तर बरे झाले असते. आज घरी गेल्यावर आपणही आपल्या माणसाला तो विचारावा, एवढी विनंती करतो.